फ्रीझ लागलाय, दुरुस्ती तयार आहे: अनब्लॉक मागू की गप्प बसू?

लिप्यंतरी | ४ जून २०२५, रात्री ११.४०

मंडळी, विषय थोडा तांत्रिक आहे, पण इथे डेबियन या लिनक्स प्रणालीत रमणारे चार-पाच जण वावरतात हे ठाऊक आहे म्हणून इथेच विचारतो.

डेबियनमध्ये एक चिमुकलं पॅकेज (बसवायला तयार करून ठेवलेला प्रोग्राम) माझ्या देखरेखीखाली आहे. नाव मुद्दाम देत नाही. वापरणारे इतके थोडे की नावावरून मी कोण तेही कळेल. काम एवढंच: डीटीपीच्या जमान्यातल्या जुन्या मराठी फॉन्टांत टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणं. टेस्टिंगमध्ये, म्हणजे ट्रिक्सी नावाच्या येऊ घातलेल्या डेबियनमध्ये, त्याची २.२-३ ही आवृत्ती आहे.

तिच्यात घोळ सापडलाय. मूळ लेखकाने २.२ मध्ये मजकूर 'स्वच्छ' करायची एक पायरी घातली. ती न दिसणारी सगळी जोडचिन्हं उडवते. त्यात आपल्या 'दऱ्या'तल्या पापणीसारख्या अर्ध्या र चं चिन्हही जातं. आत दऱ्या टाकल्या की बाहेर दर्या येतो. 'आचाऱ्याला पगार दिला' चं 'आचार्याला पगार दिला' होतं. शुद्धलेखन तपासनीस गप्प, कारण दोन्ही शब्द बरोबर.

२.३ मध्ये हे दुरुस्त झालंय. ती आल्या आल्या मी उत्साहाने पॅकेज केली, 'तातडीचं आहे' म्हणून स्पॉन्सरच्या (माझ्या वतीने पॅकेज चढवणाऱ्याच्या) मागे लागलो आणि १७ मेला ती अनस्टेबलमध्ये चढलीसुद्धा. हार्ड फ्रीझ, म्हणजे प्रकाशनाआधीची बदलबंदी, १५ मेला लागलाय हे मी त्यानंतर पाहिलं. हसा.

आता २.३-१ अनस्टेबलमध्ये बसून आहे, टेस्टिंगमध्ये आपोआप उतरणार नाही. अनब्लॉकची, म्हणजे बंदीतून सोडण्याची, विनंती लिहायला घेतली. दोन्हींमधला डेबडिफ (फरकांची यादी) काढला तर ६२ फायली, चार हजारांवर ओळी. तशीच पाठवू का? फार तर नाकारतील, त्यात काय बिघडतं?

---

तिखटमीठ | ५ जून, सकाळी ७.१०

शीर्षक वाचून वाटलं तुमचा फ्रीज बिघडलाय.

अवांतर: याला 'गोठण' म्हणा की. आमच्या कोकणात गोठण म्हणजे दुपारची गुरं रवंथ करत बसतात ती जागा. पॅकेजं महिनोन्महिने रवंथ करत बसलीत, चित्र अगदी जुळतंय.

---

वूडीपासूनचा | ५ जून, सकाळी ९.२५

@लिप्यंतरी, पाठवू नका. म्हणजे विनंती पाठवा, पण ही नको.

बाकीच्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. डेबियनमध्ये नवं पॅकेज अनस्टेबलमध्ये चढतं. तिथे साधारण पाच दिवस काढले आणि गंभीर दोष निघाला नाही, तर ब्रिटनी नावाची स्क्रिप्ट ते टेस्टिंगमध्ये ढकलते. टेस्टिंग पिकलं की स्टेबल होतं. फ्रीझ म्हणजे ब्रिटनीच्या हाताला टप्प्याटप्प्याने बांधलेली दोरी. यंदा १५ मार्चला पहिला टप्पा लागला: कंपायलरांना आणि अनेक पॅकेजांना एकदम हलवणाऱ्या बदलांना बंदी. १५ एप्रिलला सॉफ्ट फ्रीझ: नवं पॅकेज आत नाही, बाहेर पडलेलं परत नाही, बदल छोटे आणि नेमके. १५ मेपासून हार्ड फ्रीझ: महत्त्वाची म्हणून नोंदलेली पॅकेजं, आणि ज्यांना भरीव स्वयंचलित चाचण्या नाहीत अशी इतर, माणसाने हाताने सोडल्याशिवाय हलत नाहीत. याच्यापुढे फुल फ्रीझ, तेव्हा हाच नियम सगळ्यांना.

तुमच्या पॅकेजला ऑटोपीकेजीटेस्ट, म्हणजे तशी स्वयंचलित चाचणी, नाही, बरोबर? असती आणि सगळीकडे उत्तीर्ण होत असती तर या टप्प्यावरही वीस दिवसांनी ते आपसूक उतरलं असतं. हे आता ऐकवून उपयोग नाही, पण पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवा.

ही शिस्त आली कशी, ते ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे. वूडी ही डेबियनची आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली. पुढची सार्ज यायला जून २००५ उजाडला. तीन वर्षांला महिना-दीड महिना कमी! दरम्यान लोक कंटाळून अनस्टेबल चालवायला लागले, ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनवर बेतलेलं उबुंटू जन्माला आलं. त्यानंतर साधारण दोन वर्षांची लय बसली, तरी फ्रीझ लांबायचाच. व्हीझी ही आवृत्ती ३० जून २०१२ ला गोठली आणि ४ मे २०१३ ला बाहेर पडली. दहा महिने. आज तारखा आधी जाहीर होतात त्या या चटक्यांमुळे.

आता तुमचा प्रश्न, 'नाकारतील, त्यात काय बिघडतं'. या विनंत्या तपासणाऱ्या रिलीज टीममध्ये मोजकी माणसं आहेत, सगळी फावल्या वेळात काम करणारी, आणि विनंत्या शेकड्यांनी येतात. चार हजार ओळींचा डिफ वाचायला कुणाला तरी एक संध्याकाळ घालवावी लागेल, ती का म्हणून? पंगत बसलीय. मीठ वाढून मागा, कुणी ना म्हणणार नाही. तुम्ही आचाऱ्याला (आचार्याला नव्हे!) भाजीच बदलायला सांगताय.

---

रोज_नवं | ५ जून, सकाळी १०.०२

म्हणूनच मी आर्च (सतत ताजं होत राहणारं लिनक्स) वापरतो. दुरुस्ती झाली, संध्याकाळी माझ्याकडे आली. विनंती नाही, अर्ज नाही, साहेबांची सही नाही. चार महिने जग थांबवून ठेवायचं आणि वर त्याला स्थैर्य म्हणायचं!

---

मुद्रितशोधक | ५ जून, दुपारी १.१५

हा धागा एका मित्राने पाठवला म्हणून आज सदस्यत्व घेतलं. मला लिनक्समधलं फार कळत नाही. मी सांगलीकडचा, निवृत्त. आम्ही तिघे-चौघे मिळून एका बंद पडलेल्या दिवाळी अंकाच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणतोय. पेजमेकरच्या काळातल्या, साधारण १९९४ ते २००३. भाच्याने त्याच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकून दिलंय, बहुतेक हेच पॅकेज आहे त्यात.

'गवताच्या भाऱ्याखाली वाकलेला म्हातारा' या ओळीचं काय झालं सांगू? 'गवताच्या भार्याखाली वाकलेला म्हातारा.' ग्रामीण कथेची पार वेगळीच कथा झाली. मी दोन दिवस मूळ लेखकालाच दोष देत होतो.

@रोज_नवं, तुमचं रोज नवं तुम्हाला लखलाभ. मला एकदा बसवून द्या आणि पुढची दोन-तीन वर्षं त्याला हात लावू नका, एवढंच हवंय. पण बसवताना भार्या नको.

---

तिखटमीठ | ५ जून, दुपारी १.२२

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). गवताच्या भार्या!! @लिप्यंतरी, विनंतीत हेच उदाहरण द्या.

---

लिप्यंतरी | ५ जून, दुपारी ४.५०

@मुद्रितशोधक, काका, माफी असावी. तो भार्यांचा घोळ माझ्याच अंगणातला. तुमची मूळ फाईल आहे ना? प्रोग्राम त्याच फाईलवर लिहितो तेव्हा जुनी प्रत .बॅक नावाने ठेवतो, ती पुसू नका. एकदा दर्या झाला की त्यातून दऱ्या परत काढता येत नाहीत.

@वूडीपासूनचा, पटलं. मग फक्त अर्ध्या र ची दुरुस्ती २.२ वर आणू? मूळ बदल शोधला: कोडच्या ९ ओळी. पण अनस्टेबलमध्ये २.३ आधीच बसलीय. आता २.२-४ चढवली तर ती 'जुनी' ठरेल आणि आर्काइव्ह घेणारच नाही. अडकलोय.

आणि दुसरं, दोषाची तीव्रता वाढवून 'ग्रेव्ह' करू का? मजकूर कायमचा बिघडतो, म्हणजे डेटा लॉसच की. रिलीज अडवणारा दोष म्हटला की लक्ष पटकन जाईल.

---

वूडीपासूनचा | ५ जून, रात्री ८.३०

आधी दुसरं, कारण ते घातक आहे.

ग्रेव्ह केलंत तर पॅकेज काढून टाकायच्या यादीत जातं. तुमचं काही महत्त्वाच्या पॅकेजांत मोडत नाही, मुदत संपली की ऑटोरिमूव्हल ते टेस्टिंगमधून उचलून बाहेर ठेवेल. आणि वर म्हटलं तसं, सॉफ्ट फ्रीझनंतर बाहेर पडलेलं परत आत येत नाही. दुरुस्ती मिळवायला गेलात आणि ट्रिक्सीत पॅकेजच उरलं नाही, असं नको. शिवाय प्रत राहतेय म्हणालात, मग डेटा लॉसचा दावा लंगडा आहे. 'इम्पॉर्टंट' ठेवा. खरं आहे तेवढंच.

आता आवृत्तीचं. तीन वाटा आहेत. ईपॉक (आवृत्तीच्या आधी लावायचा वरचढ आकडा) लावणं: करू नका, एकदा लावला की तो जन्माचा चिकटतो. टेस्टिंग-प्रपोज्ड-अपडेट्स: अनस्टेबलला वळसा घालून थेट जायची आडवाट. तिथे अनस्टेबलमधल्यासारखी वापरून पाहणारी माणसं नसतात, म्हणून रिलीज टीमला ती नकोशी असते. तिसरी वाट दिसायला कुरूप आहे पण रुळलेली आहे: २.३+रिअली२.२-१. क्रमवारीत ही २.३-१ च्या वर येते आणि आत ऐवज २.२ चा. लग्नपत्रिकेतल्या 'उर्फ'सारखं समजा. डेबडिफ काढताना टेस्टिंगमधल्या २.२-३ शी तुलना करा, म्हणजे तुमच्या ९ ओळी, एक चाचणी आणि चेंजलॉग (बदलांची नोंद), एवढंच दिसलं पाहिजे.

चढवण्याआधी विचारा. चढवलं नसतानाही अनब्लॉकची विनंती टाकता येते, 'असा डिफ आहे, चालेल का' म्हणून. 'रिअली' एकदा लागलं की नावात राहतं, ते फुकट जायला नको.

२.३ ला फ्रीझच्या काळात जागा होती ती एक्सपेरिमेंटल या प्रयोगांसाठीच्या वेगळ्या विभागात. अनस्टेबल हा टेस्टिंगकडे जायचा रस्ता आहे, तुम्ही त्यात ट्रक आडवा लावलात.

---

अटलांटिकपार | ६ जून, पहाटे २.४० (इथे संध्याकाळ)

उबुंटूच्या बाजूने थोडंफार काम करतो, म्हणून भर घालतो. तिकडे पॅकेजनिहाय अनब्लॉक नाही, फीचर फ्रीझ एक्सेप्शन (नव्या सुविधांवरच्या बंदीतून सूट) आहे. लाँचपॅड या उबुंटूच्या कामाच्या संस्थळावर दोष नोंदवायचा, काय बदलतंय आणि ते आत्ताच का हवं ते लिहायचं, बांधणीचा लॉग जोडायचा, रिलीज टीमला त्यावर घ्यायचं. निव्वळ दोषदुरुस्तीला फीचर फ्रीझमध्ये अपवाद लागत नाही. त्यामुळे प्रत्येक जण 'ही फक्त दोषदुरुस्ती आहे' असंच म्हणतो.

आणि इथे @रोज_नवं यांच्या 'साहेबांची सही' वर यावंसं वाटतं.

उबुंटू २४.०४ चा फीचर फ्रीझ २९ फेब्रुवारी २०२४ ला लागला. २८ मार्चला लाँचपॅडवर एक विनंती आली: एक्सझेड-युटिल्स (फायली दाबून लहान करणारी साधनं) ५.६.१ डेबियनमधून उचलून घ्या. लिहिणारा मूळ प्रकल्पाचाच सहदेखभालकर्ता, नाव जिया टॅन. भाषा सभ्य, मुद्दे नेमके. फक्त दोषदुरुस्तीची आवृत्ती आहे, व्हॅलग्रिंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाचे इशारे यामुळे थांबतात, भाषांतरित मॅनपेजांतली (मदतपानांतली) एक बारीक चूकही सुधारलीय. वूडीकाकांनी वर शिकवलं ना, अगदी तसाच नमुनेदार अर्ज.

दुसऱ्या दिवशी, २९ मार्चला, अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने जाहीर केलं की ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदार आहे. एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशिनवर दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून ते खोदत गेले होते, आणि व्हॅलग्रिंडच्या तक्रारी त्यांनी आधी पाहिल्या होत्या. चोरदाराचा ऐवज चाचणीच्या फायलींत दडवलेला, आणि तो जागा करणारा तुकडा फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये (कोडच्या गठ्ठ्यात), सगळ्यांना दिसणाऱ्या गिटमधल्या कोडमध्ये नाहीच. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये तो पोचला होता, स्टेबलमध्ये नाही. उबुंटूने खबरदारी म्हणून ठरावीक तारखेनंतर बांधलेली सगळी बायनरी पॅकेजं पुन्हा बांधली. बीटा ४ एप्रिलवरून ११ एप्रिलला गेली.

तेव्हापासून 'तातडीचं आहे, फक्त दोषदुरुस्ती आहे' हे वाक्य वाचलं की मी आधी चहा ठेवतो.

---

रोज_नवं | ६ जून, सकाळी ९.४८

आर्चवर ५.६.० आली होती, मान्य. पण आर्चचं ओपनएसएसएच लिबएलझेडएमएला (एक्सझेडच्या लायब्ररीला) जोडलेलंच नाही, आणि चोरदार डेब किंवा आरपीएम या प्रकारच्या पॅकेजची बांधणी आहे का ते बघून मगच चालू व्हायचं. आम्ही वाचलो.

---

अटलांटिकपार | ६ जून, दुपारी १२.१५

वाचलात हे खरं. पण त्याला तुमच्याकडे यायचंच नव्हतं, म्हणून. त्याला हवे होते वर्षानुवर्षं न हलणारे सर्व्हर. दोन वर्षं कष्ट करून विश्वास कमावला आणि शेवटची घाई केली ती २४.०४ च्या दारात. ती एलटीएस, म्हणजे वर्षानुवर्षं आधार मिळणारी आवृत्ती, होती.

---

चष्मिस | ६ जून, दुपारी ३.३०

छोटा डिफ म्हणजे सुरक्षित डिफ, असा सूर वर लागलाय म्हणून एक बोच.

सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएलमध्ये (कूटलेखनाच्या किल्ल्या बनवणाऱ्या लायब्ररीत) झालेला बदल आठवा. दोन ओळी कॉमेंट करून निष्क्रिय केल्या होत्या. याहून नेमकं काय असतं? कारण काय, तर व्हॅलग्रिंड तक्रार करत होतं. त्या दोन ओळींबरोबर यादृच्छिकपणाच गेला, उरला जवळजवळ फक्त प्रोसेसचा क्रमांक. दिलेल्या प्रकारच्या आणि लांबीच्या शक्य किल्ल्या ३२,७६८. उघडकीस आलं १३ मे २००८ ला. मध्ये 'एच' ही डेबियन आवृत्ती स्टेबल म्हणून प्रसिद्ध होऊन वर्ष उलटलं होतं.

एकदा व्हॅलग्रिंडला गप्प बसवलं म्हणून बुडालो, एकदा त्याचं ऐकलं म्हणून तरलो. गंमत आहे खरी.

---

वूडीपासूनचा | ६ जून, संध्याकाळी ६.०५

@चष्मिस, मान्य, बोच लागली. त्या वेळी माझ्या चार मशिनांच्या किल्ल्या एका रात्रीत बदलल्यात मी.

छोटा डिफ सुरक्षित असतो म्हणून नव्हे, तो वाचता येतो म्हणून मागतात. वाचून समजतो की नाही, हा पुढचा प्रश्न. म्हणून विनंतीच्या साच्यात ओळींच्या पलीकडचं विचारलेलं असतं: कारण, परिणाम, चाचण्या, जोखीम. यातला 'जोखीम' हा रकाना सगळे 'काही नाही' लिहून मोकळा करतात. तिथे 'काही नाही' दिसलं की वाचणारा सावध होतो.

---

लिप्यंतरी | ७ जून, रात्री १०.२०

मसुदा तयार केला. इंग्रजीत पाठवायचाय, इथे मराठीत टाकतो. फाडा.

कारण: अर्ध्या र चा दोष दुरुस्त होतो. मराठी ही आठ कोटींहून अधिक लोकांची भाषा असून हा तिच्या लेखनाच्या अस्मितेचा प्रश्न आहे.
परिणाम: विनंती मान्य न झाल्यास मराठी वापरकर्त्यांची मोठी गैरसोय होईल.
चाचण्या: मी स्वतः करून पाहिलं, चालतं.
जोखीम: काही नाही.

---

तिखटमीठ | ७ जून, रात्री १०.३१

आठ कोटींपैकी तुमचं पॅकेज किती जण वापरतात? मुद्रितशोधककाका आणि...?

---

चष्मिस | ७ जून, रात्री ११.१०

अस्मिता काढा. वाचणाऱ्याला देवनागरी येत नाही असं धरून लिहा. व्याकरण शिकवू नका. काय आत गेलं, काय बाहेर आलं, काय यायला हवं होतं, तिन्हींचे कोडपॉइंट (अक्षरांचे युनिकोड क्रमांक) एकाखाली एक द्या. शेजारी अर्थ द्या: डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र. दोन वेगळे शब्द एक होतात हे कुठल्याही भाषेच्या माणसाला कळतं.

आणि एक विचारायचं राहिलं: सध्याच्या स्टेबलमध्ये, बुकवर्ममध्ये, हा दोष आहे का?

---

लिप्यंतरी | ७ जून, रात्री ११.२५

नाही. तिथे २.१ आहे, ती स्वच्छतेची पायरी २.२ मध्ये आली. काकांच्या भाच्याने बहुधा टेस्टिंग टाकलंय.

---

चष्मिस | ७ जून, रात्री ११.२८

अहो मग हेच पहिलं वाक्य! जुन्या स्टेबलमध्ये नीट चालणारी गोष्ट नव्यात मोडतेय. याहून भक्कम कारण नाही, आणि तुम्ही ते खिशात ठेवून अस्मिता काढत बसलात.

---

मुद्रितशोधक | ८ जून, सकाळी ८.००

चाचणीसाठी शब्द हवेत का? बदलायला नकोत तेही घ्या, नाहीतर उलटं होईल आणि सूर्याचा सुऱ्या होईल. माझ्या वहीतून:

पापणी हवी: दऱ्या, खोऱ्यात, वाऱ्यावर, भाऱ्याखाली, सुऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड, गोऱ्हा, कऱ्हाड, ऱ्हास.
रफार हवा: सूर्य, कार्य, आचार्य, भार्या, मर्यादा, दर्या, पर्याय.

'ऱ्हास' मुद्दाम दिलाय. शब्दाच्या सुरुवातीलाच अर्धा र येतो, तिथे बरेच प्रोग्राम ठेचकाळतात.

---

लिप्यंतरी | ८ जून, रात्री ९.४५

काका, दंडवत. 'ऱ्हास' वर माझी ९ ओळींची दुरुस्ती खरंच ठेचकाळली! शब्दाची सुरुवात तपासायची अट राहिली होती. आता ११ ओळी. तुमची पूर्ण यादी चाचणीत घातली.

जोखमीत आता असं लिहिलंय: बदल एकाच फंक्शनमध्ये आहे आणि फक्त र अधिक हलन्त या जोडीला लागू होतो. चुकलाच तर मराठी आणि नेपाळी मजकुरात रफाराच्या जागी पापणी दिसेल. हिंदी मजकुरात ही जोडणी सहसा येत नाही, त्यामुळे तिथे परिणाम अपेक्षित नाही. दुसरं कुठलंही पॅकेज यावर अवलंबून नाही.

उद्या रिपोर्टबग (डेबियनचा दोष नोंदवायचा प्रोग्राम) चालवून विनंती टाकतो.

---

वूडीपासूनचा | ८ जून, रात्री १०.०२

हे वाचायला आवडेल असं झालं. नेपाळीचं सुचलं ते उत्तम.

---

लिप्यंतरी | १४ जून, सकाळी ११.००

उत्तर आलं. 'मोअरइन्फो' (आणखी माहिती हवी) टॅग लावून दोन ओळी: दुरुस्ती ठीक दिसते, पण पॅकेजच्या कंट्रोल फाईलमध्ये स्टँडर्ड्स-व्हर्जन (पाळलेल्या नियमावलीचा क्रमांक) का वाढवलंय आणि तीन फायलींत शेवटच्या मोकळ्या जागा का काढल्यात?

चूक माझीच. एडिटर सेव्ह करताना मोकळ्या जागा आपोआप छाटतो, आणि स्टँडर्ड्स-व्हर्जन मी 'आता उघडलीच आहे फाईल तर' म्हणून वाढवलं. दोन्ही मागे घेतलं, नवा डिफ जोडून आज उत्तर पाठवलं.

---

तिखटमीठ | १४ जून, सकाळी ११.२०

पाहुण्यांसमोर 'आता उठलोच आहे तर' म्हणत फर्निचर हलवायची सवय आमच्या बाबांनाही आहे.

---

लिप्यंतरी | २४ जून, रात्री ९.३०

दहा दिवस झाले, हूं नाही की चूं नाही. स्मरणपत्र पाठवू का?

---

वूडीपासूनचा | २४ जून, रात्री ९.३४

टॅग काढलात का?

---

लिप्यंतरी | २४ जून, रात्री ९.३६

कुठला?

---

वूडीपासूनचा | २४ जून, रात्री ९.४१

मोअरइन्फो. तो असेपर्यंत चेंडू तुमच्या कोर्टात आहे असं धरून ते ती विनंती उघडतच नाहीत. उत्तर लिहिल्याने टॅग आपोआप जात नाही, दोषनोंदणीच्या कंट्रोल पत्त्याला वेगळी ओळ पाठवावी लागते. दहा दिवस तुम्ही त्यांची वाट पाहिलीत आणि त्यांच्या लेखी ते तुमची वाट पाहत होते.

---

लिप्यंतरी | २४ जून, रात्री ९.५०

काढला. कुणाला सांगू नका.

---

तिखटमीठ | २४ जून, रात्री ९.५२

आख्ख्या संस्थळावर आहे हे.

---

लिप्यंतरी | ११ जुलै, रात्री ८.१५

टॅग काढल्यावर तीन दिवसांत 'चढवा' असं उत्तर आलं. स्पॉन्सर सुट्टीवर, त्यामुळे २.३+रिअली२.२-१ चढायला जुलै उजाडला. मग तसं कळवल्यावर अनब्लॉक मिळालं. तरी ते लगेच उतरलं नाही. अनब्लॉक मिळालं तरी अनस्टेबलमधल्या मुक्कामाची अट उरतेच, हे वूडीकाकांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. आज सकाळी टेस्टिंगमध्ये दिसलं.

आता २७ जुलैला फुल फ्रीझ आणि ९ ऑगस्टला प्रकाशन जाहीर झालंय. म्हणजे दोन आठवडे हातचे राखून पोचलो. त्यातले दहा दिवस टॅगने खाल्ले.

---

रोज_नवं | ११ जुलै, रात्री ८.४०

अभिनंदन. मनापासून. पण ११ ओळींना पाच आठवडे लागले हे नोंदवून ठेवतो.

---

चष्मिस | ११ जुलै, रात्री ९.०५

पाचांतले किती त्यांचे आणि किती आपले, तेही नोंदवा.

@लिप्यंतरी, हुकलं असतं तरी सगळं संपलं नसतं, हे वाचणाऱ्या इतरांसाठी. स्टेबल आल्यावरही दर दोनेक महिन्यांनी पॉइंट रिलीज (साठलेल्या दुरुस्त्यांची आवृत्ती) येते, तिच्यासाठी अशीच विनंती करता येते, नियम याहून कडक. आणि २.३ हवीच असेल त्यांच्यासाठी बॅकपोर्ट्स (स्टेबलवर चालतील अशी बांधलेली नवी पॅकेजं) आहेत.

---

मुद्रितशोधक | १२ ऑगस्ट, सकाळी १०.३०

भाच्याने रविवारी येऊन ट्रिक्सी नव्याने बसवून दिली. तेच पान पुन्हा चालवलं. म्हातारा गवताच्या भाऱ्याखाली नीट वाकलेला आहे.

फक्त १९९६ च्या अंकात पान ४१ वर 'वाङ्मय' मोडलंय, 'वाङमय' असं येतंय. हलन्त जातोय कुठेतरी.

---

लिप्यंतरी | १२ ऑगस्ट, दुपारी १२.०५

काका, ती मूळ फाईल पाठवता का? आणि २.१ मध्येही तसंच येतं का तेवढं बघा. पॉइंट रिलीजसाठी विनंती करायची तर पहिला प्रश्न तोच असेल, आता पाठ झालाय.

---

मुद्रितशोधक | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ५.२०

फाईल पाठवत नाही, एवढं सांगायला आलो. माळ्यावरून छापील अंक काढून बघितला. छापतानाच 'वाङमय' गेलंय. प्रोग्रामची चूक नाही.

श्रेयनामावलीत मुद्रितशोधन म्हणून माझंच नाव आहे.